म्हाताऱ्या उंदरांची रांग

दुपारचं जेवण अंगावर आलंय. प्रयोगशाळेतल्या खुर्चीत डॉक्टर हेमांगी पेंगतेय. आज समितीची बैठक. मूत्रपिंड अचानक बंद पडतं, त्यावरचं तिचं औषध उंदरांना झकास लागू पडलंय. आता माणसांवर तपासायची परवानगी मागायची. बाईसाहेब खुशीत आहेत. खुशीतच डोळा लागतो.

शिट्टी वाजते.

पिंजऱ्यांच्या खोलीला भिंती उरलेल्या नाहीत. कराडच्या शाळेचं मैदान आहे आणि मधोमध निवृत्तीमामा, कवायतीचे मास्तर. गुडघेदुखीच्या गोळ्या खात, पाणी न पिता भर वैशाखात गड चढले आणि मूत्रपिंड बंद पडून गेले. मिशी मात्र अजून तशीच पिळदार.

"हेमे, उशीर! तुझी पलटण आणलीय बघ. सावधान!"

फक्कीच्या पांढऱ्या रेघेवर तिचे उंदीर ताठ उभे राहतात, शेपट्या सरळ. हेमांगीला हसू आवरत नाही.

"सगळेच पैलवान की गं! यात साखरेचा पेशंट कोण?"

"कोणी नाही, मामा."

"म्हातारा?"

"नाही. सगळे तरणेबांड."

"आणि औषध कधी पाजलंस?"

"मूत्रपिंडाला इजा करायच्या आधी."

मामा पोट धरून हसतात. उंदीरही हसतात. "आधी! उद्या माझं मूत्रपिंड बसणार, आजच औषध दे, असं सांगत येणार होतो होय मी? पोरांनी दवाखान्यात नेलं तेव्हा लघवी बंद होऊन दोन दिवस झालेले. आमचं कायम वरातीमागून घोडं!"

मैदानाची पडवी होते. मामा तिच्या हातात पन्ह्याचा पेला देतात. ते समोर असूनही तिला त्यांची फार आठवण येते.

"पुन्हा प्रयोग म्हणजे वर्ष जाईल, मामा."

"जाऊ दे. मला आता कसली घाई?" मामा रेघेवर जाऊन उंदरांशेजारी उभे राहतात. "पण या रांगेत मला घे, हेमे. विश्राम!"

हेमांगी दचकून जागी होते. बैठकीची वेळ झालीय. ती अर्ज तिथंच ठेवून धावते.

"आज परवानगी मागत नाही," ती समितीला सांगते. "आधी म्हातारे, मधुमेही उंदीर. आणि औषध इजा झाल्यानंतर."

अध्यक्ष मात्र फरशीकडे बघतायत. "चपला कुठे भरवल्यात, डॉक्टर?"

ती वळून बघते. दारापासून खुर्चीपर्यंत फक्कीचे पांढरे ठसे उमटलेत.

"मैदानावर," ती म्हणते आणि हसत खाली बसते.