तेलाची फळी

“आधी आईनं खावं, मग बाळानं.” असं म्हणत मावशी डिंकाचा लाडू माझ्या बायकोच्या हातात ठेवायची. तो संपेपर्यंत बाळाला हात लावायची नाही. पोरगं आईची हाडं चोखून घेतं, हे तिचं शास्त्र.

बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणारी अशी एखादी मावशी तुम्हीही पाहिली असेल. निम्मं नाशिक आमच्या मावशीच्या पायांवर आंघोळ करून मोठं झालं. उरलेलं निम्मं अजून अंग खाजवत फिरतंय. तिनं चोळलेल्या बाळाच्या उशाशी माझ्या अंबडच्या कारखान्याचा भोंगा वाजवला असता, तरी त्यानं कूस बदलली नसती.

स्वतःच्या वाट्याचा लाडू मात्र ती पदराला बांधायची. “घरी पाच तोंडं हायेत, भाऊ.”

तेलाची बाटली न्हाणीघरातल्या फळीवर असे. थोरल्याच्या वेळी मावशी ती सहज काढायची. मधलीच्या वेळी टाचा उंचावून. धाकट्याच्या वेळी मला हाक मारू लागली. मी पडलो वात्रट. म्हणालो, “मावशी, भिंत वाढतेय की तुम्ही तेलात विरघळताय?” ती हसली आणि कंबर धरून खालीच बसली. मला वाटलं, हसून हसून.

पाठ वाकतच गेली, तेव्हा मीच तिला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी बाळंतपणं विचारली.

“आठ. जगली पाच. एक पाळण्यातनं उतरलं की दुसरं.”

दूध, लाडू काही मिळायचं का? मावशी नुसती हसली. डॉक्टर म्हणाले, पोरं पोटात वाढवली, अंगावर पाजली, ताटात काही नाही. हाडं भरून निघायला सवडच मिळाली नाही. आता पाळी गेल्यावर ती आणखी ठिसूळ झालीत. वजन उचलू नका.

“बाळ घेतलं तर चालंल ना पायावर?”

डॉक्टर नाही म्हणाले. बाहेर आल्यावर मावशी म्हणाली, “वहिनीला सांगू नका, भाऊ. दुसरं काय येतंय मला?”

आणि मी, एरवी गावभर बोलणारा, गप्प बसलो. धाकटा तिच्याशिवाय झोपत नव्हता. रविवारी फळी हातभर खाली ठोकली, तेवढीच माझी माया.

सोमवारी ती आली नाही. घरी बादली उचलताना खुब्याचं हाड मोडलं होतं.

मी लाडू घेऊन गेलो. म्हटलं, आधी तुम्ही खा. तिनं तो पडल्या पडल्या पदराला बांधला. त्या खाटेवरून ती उठलीच नाही.

पोरं आता ताडमाड झालीत. फळीवर डोकी आपटतात, माझ्या नावानं ओरडतात. मी ती वर घेत नाही.