ग्रंथतुलेतली बावीस कुलपं

माझ्या मैत्रिणीच्या सासऱ्यांची ग्रंथतुला झाली तेव्हा मी पाचव्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. आयुष्यात ज्या गोष्टींची मला लाज वाटते त्यांत त्या टाळ्यांचा नंबर बराच वर आहे.

सासरे लातूरच्या एका शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. त्यांच्या पंचाहत्तरीचा सत्कार होता. एका पारड्यात ते स्वतः, दुसऱ्या पारड्यात त्यांच्या वजनाची पुस्तकं, आणि ती पुस्तकं नंतर लातूर-नांदेडकडच्या खेड्यापाड्यांतल्या वाचनालयांना भेट. कल्पनेला मी नावं ठेवत नाही. मी स्वतः ग्रंथपाल आहे. नांदेडहून रोज अप-डाऊन करून अर्धापूरजवळच्या एका गावचं वाचनालय सांभाळते. केळीच्या बागांतून सायकलवर येऊन पेपर वाचणारे म्हातारे आणि भरतीच्या परीक्षेला बसलेली पोरंपोरी हे आमचे वाचक. नवी पुस्तकं आमच्याकडे अशीच कुणाच्या तरी सत्काराने येतात. भेटीच्या यादीत आमच्या वाचनालयाचं नाव मैत्रिणीनेच घातलं होतं, आणि ते तिने मला चार वेळा सांगितलं होतं.

मोंढ्यातून धान्य तोलायचा मोठा तराजू आणला होता, त्याला झेंडूच्या माळा. संस्थेतल्या प्रत्येक शिक्षकाला पुस्तकं आणायचं फर्मान होतं. शिक्षकांनी काय आणलंय ते मला पाचव्या रांगेतूनही कळलं. जुनी गाईडं, सरकारी अहवाल आणि एकाच कवितासंग्रहाच्या चाळीसेक प्रती, ज्यांचा कवी बहुतेक त्याच संस्थेत नोकरीला असावा. एवढं करूनही पारडं हलेना. सासरे तब्येतीने भक्कम. निवेदक शेरोशायरी करून वेळ मारून न्यायला लागला. शेवटी एक जीप घराकडे पिटाळली. वीस मिनिटांत दोन गठ्ठे आले, पारड्यात पडले, सासऱ्यांचे पाय जमिनीवरून सुटले आणि मांडव दणाणला. मैत्रीण मंचावरच होती. तिने एवढ्या गर्दीतून मला हुडकून हात हलवला. मला भरून आलं आणि मी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या.

आमची ओळख वीस-बावीस वर्षांपूर्वीची. ती शिरूर अनंतपाळकडची, घरची शेती भरपूर. मी बिलोलीची. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, आमच्या घराण्यात शाळेची पायरी चढलेले पहिले. पुस्तकाचं पान कुणी दुमडलं तर ते दिवसभर अबोला धरायचे. शिकायला आम्ही दोघी लातूरला एका खोलीत राहिलो. खोलीला एकच कुलूप आणि त्याची एकच किल्ली होती. ती किल्ली कुणाकडे यावरून रोज भांडण. एकदा ती पर्समध्ये किल्ली घेऊन वर्गातल्या दुसऱ्या एकीकडे जाऊन बसली आणि मी दोन तास उन्हात पायरीवर. संध्याकाळी दुसरी किल्ली करून घ्यायला निघालो, दोघींची तोंडं दोन दिशांना. वाटेत जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर एक पातळ पुस्तक दिसलं, 'कुलूप दुरुस्ती: घरबसल्या जोडधंदा'. आम्ही रस्त्यातच हसत सुटलो. किल्लीचं राहिलं, पुस्तक घेऊन आलो.

पुढच्या महिन्यात मला 'रक्ताळलेलं कुलूप' नावाची रहस्यकथा सापडली, ती मी तिला दिली. तिने मला 'नवग्रह आणि नशिबाचं कुलूप' आणून दिलं. तिथून खेळ सुरू झाला. नियम एकच, नावात कुलूप पाहिजे, आत काहीही असो. लग्नं झाली, ती लातूरला राहिली, मी नांदेडला आले. सणावाराचं येणंजाणं कमी होत गेलं. तिच्या सासरी मी दोनदा गेले, दोन्ही वेळा बैठकीत चहा झाला आणि तिथूनच निघाले. का, ते मला कळत होतं, तिलाही कळत होतं, आणि त्यावर आम्ही कधी बोललो नाही. पुस्तकं मात्र चालू राहिली. रक्तदाबाच्या पथ्यांवरचं 'जिभेला कुलूप घाला', स्थलांतरावरचा प्रबंध 'कुलूप लागलेली गावं', लहान मुलांचं 'अस्वलाचं कुलूप', कुठल्याशा महाराजांच्या प्रवचनांचं 'मौनाचं कुलूप'. या पुस्तकांचा एकमेकांशी काही संबंध नाही. कुठल्याही वाचनालयात ती एका फळीवर येणार नाहीत. ती एकत्र होती ती फक्त आम्हा दोघींमुळे, आणि याचा मला फार अभिमान होता.

मी पाठवताना पहिल्या पानावर लिहायचे, सहा-सात ओळी तरी. तिची आई गेली तेव्हा 'मौनाचं कुलूप' पाठवलं. जायला निघाले होते, पण तिनेच फोन करून सांगितलं होतं की पाहुण्यांची लई गर्दी हाय, नंतर ये. मग मी पानाच्या दोन्ही बाजू भरून लिहिलं. तिने पाठवलेलं प्रत्येक पुस्तक मी वाचलं. कुलूप दुरुस्तीचं तर लग्नात तिच्याकडे गेलं, पण त्याआधी मी ते इतकं वाचलं होतं की आमच्या वाचनालयाच्या कपाटाचं गंजलेलं कुलूप मी आजही हेअरपिनने उघडते.

ग्रंथतुलेनंतर महिनाभराने आमच्या वाट्याची पाच पोती आली. गाईडं आणि अहवाल निघणार हे धरूनच मी पोती सोडत होते. तिसऱ्या पोत्यात नायलॉनच्या दोरीने बांधलेला एक गठ्ठा निघाला. वरच पुस्तक होतं 'अस्वलाचं कुलूप'. मला आधी आनंद झाला, खोटं कशाला सांगू. वाटलं, अरे वा, तिला आणखी एक प्रत मिळाली की काय. मग दोरी सोडली. सगळी निघाली. बावीस. पहिल्या पानांवर माझं अक्षर. मी खुर्चीत बसले आणि बराच वेळ उठलेच नाही. पेपर वाचणाऱ्या एका आजोबांनी विचारलं, "काय झालं बाई, चक्कर आली काय?" मी हो म्हणाले.

म्हणजे त्या दिवशी पारडं उचललं गेलं ते माझ्या बावीस पुस्तकांनी. आणि मी टाळ्या वाजवत होते.

माणूस आपल्या माणसाला वाचवायला किती धडपडतो ते मी स्वतःवरूनच पाहिलं. दुसऱ्या दिवसापर्यंत माझ्याकडे सगळं उत्तर तयार होतं. ती मंचावर होती. जीप घेऊन गेलेल्यांनी दिसेल ते कपाट रिकामं केलं असणार. तिला बिचारीला काय माहीत? तिच्या घरात चोरी झालीय आणि मी तिच्यावरच रागावतेय, हे काय शहाणपण? 'कुलूप लागलेली गावं'ची बरीच पानं वरून जुळलेली होती, छापखान्यात कापायची राहिलेली. ती अजून तशीच जुळलेली दिसली. त्यावरही मी स्वतःला समजावलं की प्रबंध कोण पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतं?

तरी खात्री करायला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर सहज विचारल्यासारखं केलं, "आपली कुलपं किती झाली गं तुझ्याकडे?"

"लई झालीत बाई," ती हसली. "मोजायचंच राहिलंय. वरच्या खणात हायत समदी, लावून ठेवलीत."

माझा जीव भांड्यात पडला. तिला खरंच माहीत नव्हतं. आता माझं काम सोपं होतं, पुस्तकं तिच्या हातात परत द्यायची. फोनवर सांगितलं असतं तर तिने घरात विचारलं असतं, सासऱ्यांच्या सत्कारावरून भांडण झालं असतं. पोती आली असली तरी भेटीचा रीतसर कार्यक्रम आमच्याकडे व्हायचा होता, त्याला ती येणारच होती. तेव्हा कपाट उघडून दाखवायचं, असं मी ठरवलं. मला तिचा चेहरा बघायचा होता.

पण तोवर ती बावीस पुस्तकं मला दाखल नोंदवहीत घेता येत नव्हती. एकदा नोंद होऊन शिक्का बसला की पुस्तक वाचनालयाचं, मग ते परत देणं म्हणजे चोरीच. संस्थेच्या यादीत आणि माझ्या नोंदीत बावीसचा फरक दिसायला लागला. आमच्या वाचनालयाच्या अध्यक्षांनी दोनदा विचारलं. मी म्हणाले, "काम चालू आहे, साहेब, काही पुस्तकांना वाळवी दिसतेय, वेगळी ठेवलीत." अठरा वर्षांच्या नोकरीत मी पुस्तकांबद्दल कधी खोटं बोलले नव्हते. वडील असते तर महिनाभर बोलले नसते. पण मैत्रिणीसाठी एवढं करायचं नाही तर काय करायचं, असंही वाटत होतं. खरं सांगायचं तर थोडी मिजासही वाटत होती.

कार्यक्रम सकाळी अकराला होता, बाराला सुरू झाला. सासऱ्यांचं नाव लिहिलेल्या कपाटाची फीत कापली, केळी आणि पेढे वाटले, फोटो झाले. सगळे चहाला बाहेर गेल्यावर मी तिला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं. माझं कपाट उघडलं. बावीसच्या बावीस ओळीने लावलेली होती, ज्या क्रमाने मी ती पाठवली त्याच क्रमाने.

"माय!" ती म्हणाली. "एवढी जमवलीस का तू?"

मला वाटलं, थट्टा करतेय. मी हसतच राहिले. तिने पुस्तकांच्या पाठींवरून बोट फिरवलं, एकेक नाव मोठ्याने वाचत. 'मौनाचं कुलूप' वाचून बोट पुढे गेलं. मग 'जिभेला कुलूप घाला' बाहेर ओढलं आणि ती खळखळून हसली, अगदी लातूरच्या खोलीत हसायची तशी.

"हे कुठं घावलं गं तुला? आमच्या मामांना द्यायला पायजे हे. तू लई भारी हायस बघ, मला तर जमलंच न्हाई. यातलं एकबी न्हाई माझ्याकडं."

मामा म्हणजे सासरे, ज्यांना तोलायला ते पुस्तक गेलं होतं.

मी पहिलं पान उघडून तिच्यासमोर धरू शकले असते. नऊ वर्षांपूर्वीची तारीख, तिचं नाव, खाली माझी सही. राग एवढा आला होता की बोलले असते तर रडले असते, आणि तिच्यासमोर मला रडायचं नव्हतं. बाहेरून तिला कुणीतरी हाक मारली. "हाव, आले," म्हणत तिने पुस्तक उलटंच खोचून ठेवलं आणि माझ्या गालाला हात लावून गेली. तिचं काहीच चोरीला गेलं नव्हतं. जे गेलं ते माझं गेलं होतं, आणि ते त्या जीपने नेलेलं नव्हतं.

गाड्या निघून गेल्यावर मी नोंदवही काढली. बावीस नोंदी, बावीस शिक्के. मग वर्गीकरण. कुलूप दुरुस्ती तंत्रविषयाकडे, रहस्यकथा कादंबऱ्यांकडे, पथ्याचं आरोग्याकडे, अस्वल बालविभागात, प्रबंध समाजशास्त्राच्या सर्वांत वरच्या फळीवर. तासाभरात ती खोलीभर पांगली. अध्यक्षांना फोन करून सांगितलं, वाळवी नव्हती, माझा गैरसमज झाला होता.

संध्याकाळी घरी येऊन माझ्याकडची काढली. तिने वीस-बावीस वर्षांत मला पाठवलेली एकोणीस. जमिनीवर बसून एकेकाचं पहिलं पान उघडत गेले. तिने कधी ओळी लिहिल्या नव्हत्या. तारीख, आणि खाली 'तुझीच'. मी सगळ्यांना सांगायचे, तिला कमी बोलायची सवय आहे, त्या एका शब्दातच सगळं आलं. त्या संध्याकाळी मी ते शब्द एकाखाली एक लावून पाहिले. पहिल्या बारा पुस्तकांवरचं अक्षर तिचं होतं. पुढच्या सात पुस्तकांवर 'तुझीच' दुसऱ्याच कुणाच्या तरी अक्षरात होतं, ऑफिसात पाकिटावर पत्ते लिहितात तसल्या सरळ, नीटनेटक्या. ते मला पहिल्यांदाच दिसलं असं नाही. प्रत्येक पुस्तक आलं तेव्हा ते दिसलं होतं, आणि दर वेळी मी म्हणाले होते, अक्षर किती सुधारलंय हिचं.