अजून एक ऊन

खोटं बोलायचं ते माणूस पोरवयात बोलून मोकळा होतो. याकूब गावितनं त्यासाठी साठी उलटू दिली. आणि बोलला ते तरी कशाबद्दल? जमिनीबद्दल नाही, बाईबद्दल नाही, दारूबद्दल नाही. गवताबद्दल!

नवापूरच्या पुढं, गुजरातच्या हद्दीला टेकलेल्या डोंगरात मोहफळी नावाची वस्ती आहे. मोजकी घरं, एक कौलारू चर्च आणि घरटी एखादं म्हसरू. या वस्तीत गवताच्या बाबतीत याकूबचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. दिवाळीनंतर माळावरचं गवत कापून उन्हात पसरलं, की ते गंजीवर कधी चढवायचं हे विचारायला लोक त्याला बोलावून नेत. याकूब जायचा, पसरलेल्या गवताच्या अगदी तळातून मूठभर उपसायचा, पिळायचा आणि डोळे मिटून गालाला लावायचा. गार लागलं तर आत ओल आहे. मग "अजून एक ऊन" म्हणायचा आणि चालू लागायचा. गार लागलं नाही तर म्हणायचा, "चढवा." बस्स, एवढंच. त्यावर कुणी वाद घालत नसे.

एका साली शेजारच्या वाहरूनं केला होता शहाणपणा. न विचारता गंजी रचली. ओलं गवत आतल्या आत तापलं, काळं पडलं, बुरशीचा वास सुटला आणि वाहरूच्या बैलांनी उन्हाळाभर त्याच्याकडं पाठ फिरवली. तेव्हापासून वाहरू घरचे पापड वाळले का हेही याकूबला विचारून घेतो, असं बाया हसून सांगतात.

तर असा हा माणूस. त्याचा पोरगा जोएल आणि सून एस्तेर दर साली दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळीबरोबर बारडोलीकडं जायची, ती पावसाळ्याच्या तोंडावर परत यायची. धुडकू मुकादमाचा ट्रक चर्चपर्यंत यायचा आणि वस्तीतली निम्मी घरं भरून घेऊन जायचा. आजवर याकूबला त्याचं काही वाटलं नव्हतं, कारण मागं तो आणि त्याची बायको सुसाना असायची. दोघं मिठावरून भांडायची, कोंबडीवरून भांडायची, रेडिओच्या आवाजावरून भांडायची. सहा महिने कसे जायचे कळायचंच नाही.

यंदा उन्हाळा सरता सरता सुसाना गेली.

त्यानंतर जोएलची चार वर्षांची पोरगी प्रिस्किला आजाच्या गोधडीत शिरली ती शिरलीच. तिचा एक पाय आजाच्या पोटावर असल्याशिवाय ना तिला झोप, ना त्याला. आता ट्रक आला की तीही जाणार. आईबाप फडात, मग पोर कुणाजवळ ठेवायची? एकट्या म्हाताऱ्याच्या हवाली कशी करायची?

"तुम्हीच चला ना बाबा," जोएल म्हणाला होता.

पण चर्चमागं सुसानाची कबर होती आणि गोठ्यात सुसानाची म्हैस होती. नवापूरच्या बाजारातून पारडी असताना तिनं ती आणलेली, लेकीसारखी वाढवलेली. आता गाभण. दोघींना सोडून याकूब जायचा कुठं?

"मी हितंच बरा," तो म्हणाला.

म्हशीच्या सहा महिन्यांच्या चाऱ्याचा सगळा भरवसा माळावरच्या त्या गवतावर होता. म्हणून जोएलनं मुकादमाला सांगून टाकलं, "गवत गंजीवर चढलं की आम्ही ट्रकात चढलो." गवत वाळायचा अवकाश, की घर रिकामं. हे याकूबला कळत होतं, पण कळून उपयोग काय?

मंगळवारी संध्याकाळी सगळी माळावर गेली. याकूबनं तळातलं गवत उपसलं, पिळलं. कुरकुर वाजलं. गालाला लावलं. कोमट, खडखडीत, वास तर असा गोड की म्हशीनं दावं तोडावं. 'चढवा' हा शब्द अगदी ओठावर आला होता. तेवढ्यात खाली बघतो तर प्रिस्किला! तिनंही मूठभर गवत उचलून गालाला लावलं होतं, डोळे घट्ट मिटले होते.

"आजा, गार आहे?" तिनं विचारलं.

"हो गं बाई," याकूब म्हणाला, "गारच आहे. अजून एक ऊन."

बोलला आणि स्वतःच दचकला. जीभ आपली, पण आपल्याला न विचारता बोलली. जोएलनं कपाळाला हात लावला. एस्तेरनं एक मूठ उचलली, पिळली आणि परत खाली टाकली.

"बरं बाबा," एवढंच ती म्हणाली.

एकदा जीभ सैल सुटली की मग काय हो! बुधवारी संध्याकाळीही गवत ओलं निघालं. गुरुवारी सकाळी धुडकू मुकादम मोटारसायकलवर बसून स्वतःच वर आला. तो शहाद्याकडचा, सपाटीवरचा माणूस, बोलायला फटकळ पण मनानं वाईट नाही.

"काय बाबा, वाळनं का नही तुम्हनं गवत?"

"अजून एक ऊन, मुकादम."

"रोज एक ऊन! तुम्हनं गवत शे का नदी शे?"

सगळे हसले. याकूबही हसला.

खरी पंचाईत झाली ती त्या संध्याकाळी. त्यांच्या घरी जेवणाआधी प्रार्थना होते. जोएलनं डोळे मिटले आणि अन्नाबद्दल आभार मानता मानता मोठ्या मनापासून म्हणाला, "प्रभू, आमचं गवत लवकर वाळू दे." आता यावर आमेन म्हणायचं म्हणजे याकूबला संकटच. ते त्याच्या घशात अडकलं. एस्तेरचंही आमेन ऐकू आलं नाही, पण तिला चुलीचा धूर लागला असेल असं त्याला वाटलं. फक्त प्रिस्किला खणखणीत आवाजात आमेन म्हणाली.

शुक्रवारी जोएल कोयत्यांना धार लावून आणायला नवापूरला गेला. याकूब गोठ्यात म्हशीपुढं बसला होता. मनाशी ठरवत होता, की आज संध्याकाळी चढवा म्हणायचं, पुरे झाला हा चावटपणा. आणि तेवढ्यात गोठ्यातला उजेड गेला. बाहेर येऊन बघतो तर सुरतेच्या अंगानं आभाळ काळंकुट्ट भरून आलेलं. दिवाळी होऊन गेल्यावर पाऊस! वाऱ्यानं अंगणातली पानं उचलली आणि कोंबड्या घरात पळाल्या.

गवत भिजलं तर कुजेल. गवत कुजलं तर चारा नाही. चारा नाही तर जोएल जाताना म्हशीला बाजार दाखवणार, आणि दुसरं तो करणार तरी काय? पोरंही गेली, म्हैसही गेली. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं! आणि हे कुणी केलं? आभाळानं नाही. याकूब गावितनं केलं, स्वतःच्या हातानं.

गुडघा दुखत होता, तरी तो माळावर पळाला. दोन्ही हातांनी गवत कवळायला लागला. एक कव घेतली की वारा दुसरी उडवायचा.

"सुसाना, माझी अक्कल कुठं चरायला गेली होती गं?" तो मोठ्यानं म्हणाला.

एकट्यानं व्हायचं काम नव्हतं. हाक मारायलाच हवी होती. पण मारायची कशी? कालच ज्याला ओलं म्हटलं ते ढगाखाली वाळलं म्हणून सांगायचं? वस्तीभर हसं होईल. साऱ्या आयुष्यात कमावलेली गोष्ट एकच, गालाला गवत लावून दिलेला शब्द, तोही मातीत जाईल.

जाऊ दे, त्याला वाटलं. शब्द काही म्हैस खात नाही.

"एस्तेर!" तो बेंबीच्या देठापासून ओरडला. "वाळलंय गं पोरी! चढवा! चढवा!"

एस्तेर घरातून धावतच आली. आणि रिकाम्या हातानं नाही आली. तिच्या खांद्यावर पेंढ्या बांधायच्या दोऱ्यांचा हा भला थोरला भारा होता, सगळ्या वळून तयार. एवढ्या दोऱ्या वळायला दोन-तीन दिवस तरी जातात. याकूबच्या ते ध्यानात आलं, पण विचारायला सवड कुठली?

ती पेंढ्या बांधून वर फेकायला लागली. तो गंजीच्या माचावर चढून रचायला लागला. हाक ऐकून वाहरूही आला.

"काका, काल तर ओलं म्हणाला होतात!"

"वाहरू, तोंड बंद आणि हात चालू!"

वाहरूनं मुकाट्यानं कामाला हात घातला. आभाळ बघून नवापूरहून अर्ध्या कामावरून फिरलेला जोएल येऊन मिळाला. प्रिस्किला मूठ मूठ गवत आणून बापाच्या पायाशी टाकत होती आणि वाट अडवत होती. वरून ताडपत्री ओढून शेवटची गाठ मारली तेव्हा याकूबच्या टकलावर टपोरा थेंब पडला. चार-दोन पेंढ्या राहिल्या होत्या, त्या घरात चुलीजवळ नेऊन टाकल्या. मग पाऊस आला तो असा, की समोरचं चर्च दिसेना.

जोएल गोठ्यात म्हशीकडं गेला. याकूब आणि एस्तेर ओसरीवर भिंतीला टेकून बसली. दोघांच्या केसांत गवत, दोघांना धाप.

"पोरी," याकूब खाली मान घालून म्हणाला, "एक सांगतो. रागावू नको. गवत मंगळवारीच वाळलं होतं."

एस्तेरनं पदरानं तोंड पुसलं.

"मंगळवारी नाही बाबा. सोमवारी."

याकूबनं झटकन मान वर केली.

"सोमवारी संध्याकाळी मी एकटी जाऊन गालाला लावून बघितलं. आईंनी शिकवलं होतं मला. वाळलं होतं. मंगळवारी तुम्ही मूठ उपसलीत तेव्हा वाटलं, आता तुम्ही चढवा म्हणणार. तुम्ही अजून एक ऊन म्हणालात आणि मी घरात जाऊन रडले."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तिथं फडात भाकरी थापताना रोज मनात येणार, बाबांनी आज चूल पेटवली का, का पाणी पिऊन झोपले. मलाही जायचं नव्हतं बाबा. पण गवत वाया जाऊ द्यायचं नव्हतं, आईंची म्हैस आहे. म्हणून रोज दोऱ्या वळत बसले."

"आणि जोएल?"

"त्याला नाही सांगितलं. म्हटलं, करू दे त्याला प्रार्थना."

याकूबला हसू फुटलं. हसता हसता त्याचा हात सुनेच्या डोक्यावर गेला आणि तिथंच राहिला. सून घरात आल्यापासून त्यानं तिच्या डोक्यावर असा हात ठेवला नव्हता.

आणि गंमत बघा. ज्या पावसाला भिऊन तो माळावर पळाला, त्याच पावसानं त्याची बाजू घेतली. संध्याकाळी धुडकूचा फोन आला, की फडात गुडघाभर चिखल झालाय, ऊस तोडता येत नाही, रान सुकल्याशिवाय ट्रक निघत नाही. खोटं बोलून जे मिळवत होता ते आता आपसूक पदरात पडलं. ते दिवस याकूबनं मन भरून घेतले. प्रिस्किलाला पाठीवर घेऊन माळ हिंडवला, तिला सुसानाच्या कबरीवर झेंडूची फुलं ठेवायला लावली, आणि ताडपत्री काढून गंजीला वारा दाखवला. गंजी आतून खडखडीत होती.

पण रान काय, सुकतंच.

ट्रक आला तो सकाळी. चर्चपुढं गाठोडी, पातेली, कोयते, कोंबड्यांची डालगी अशी सगळी गर्दी उडाली. जोएलनं सामान वर टाकलं. एस्तेर सासऱ्याच्या पाया पडली आणि डाळ कुठं, तांदूळ कुठं, गुडघ्याचं तेल कुठं हे पुन्हा सांगितलं, जे तिनं आधीच दहादा सांगितलं होतं. याकूब सगळ्याला हो हो म्हणत होता. रडायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं, आणि म्हैस, गंजी, आभाळ असल्या गोष्टी तो भराभरा बोलत होता.

"चला, चला!" धुडकूनं ट्रकाच्या दारावर थाप मारली. ड्रायव्हरनं गाडी चालू केली.

प्रिस्किलाला वर द्यायला म्हणून याकूबनं उचललं. तिनं त्याच्या गळ्यात हात टाकले आणि आपला गाल त्याच्या गालाला लावला. डोळे घट्ट मिटले. क्षणभर तशीच राहिली. मग मान वळवून वर उभ्या असलेल्या आईला तिनं ओरडून सांगितलं,

"आई, आजा अजून ओला आहे! अजून एक ऊन!"

जोएलनं तोंड फिरवलं. एस्तेरनं ओठ चावला. धुडकू मुकादम एकदा पोरीकडं, एकदा म्हाताऱ्याकडं बघत राहिला. मग त्यानं खाकरून घसा साफ केला आणि ड्रायव्हरवर उगाचच खेकसला, "बंद कर रे गाडी!"

"ऊस कोठे पळी जाई ऱ्हायना?" तो दगडावर टेकत म्हणाला. "ठेव वं बहीन, चहा ठेव."

एस्तेर ट्रकातून खाली उतरली आणि गाठोडं सोडून तिनं पातेलं बाहेर काढलं.