गाठीतलं हाड

मी नकला करतो. डॉक्टरांच्या, कंडक्टरच्या, मामाच्या गावातल्या गुरवाच्या पण. देवावरचा विश्वास म्हणाल तर तोही तेवढाच, नकलेपुरता. पण या वर्षी माझ्या तोंडाने घरात जे करून ठेवलं, ते सांगायलाच हवं. आम्ही पेणजवळच्या गडबचे. बाबा खाडीकडे मिठागरात कामाला. त्यांच्या मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ निघाली, पेणला ऑपरेशन झालं. मग गाठीचा रिपोर्ट आला. डॉक्टर घाईघाईत बोलले, "गाठीत हाड सापडलंय," आणि गेले. बाबांना हसवायला मी लगेच डॉक्टरांचाच आवाज काढला, "पेशंटच्या बायकोने जिताडा मासा नीट साफ केला नव्हता!" बाबा टाके धरून हसले. आई नाय हसली.

त्या दिवसापासून तिचं जेवण सुटलं. "माज्या हातचाच काटा गेला रं त्यांच्या पोटात. मीच केला यो कॅन्सर." किती वेळा सांगितलं, मस्करी केली गो आई! तर म्हणायची, "डॉक्टर पन मस्करीच करतो काय?" खरं काय, ते मला तरी कुठे माहीत होतं?

शेवटी रोह्याजवळ मामाच्या गावी गेलो. तिथे अडचण आली की गुरव आपल्या वतीने देवीपुढे गाऱ्हाणं घालतो. नेमका त्या सकाळी गुरव शेतावर. म्हटलं, आपल्याला पाठच आहे की! त्याचा आवाज लावायला गेलो, तर लागेना. माझाच निघाला. "देवी, आई जेवत नाय गो. मला काय सुचत नाय. तूच बघ." संपलं गाऱ्हाणं.

दुसऱ्या दिवशी केमोच्या डॉक्टरांना दाखवायला लॅबमधून गाठीच्या काचा, म्हणजे स्लाइड, आणायच्या होत्या. आई हट्टाने सोबत आली आणि खिडकीतल्या मुलीला तिने विचारलंच, "बाय, यो काटा कंच्या माशाचा, ता कलंल काय?"

आतून एक वयस्कर डॉक्टरीणबाई उठून आल्या. हसल्या नाहीत. आईला हाताला धरून आत नेलं, मायक्रोस्कोपमध्ये बघायला लावलं. "मावशी, हे माशाचं नाही. हे हाड त्यांच्या शरीरानेच गाठीत तयार केलंय. फार थोड्यांना होतं असं. का होतं, ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. पण काटा गिळून नाही होत."

आई बराच वेळ डोळा लावून बसली. "म्हंजे मी नाय केला?"

"नाही हो."

तेव्हा आई रडली. बाईंनी स्वतःचा डबा उघडून तांदळाची भाकरी तिच्या हातात दिली आणि ती संपेपर्यंत शेजारी बसून राहिल्या.

नंतर आभार मानायला गेलो तर कळलं, त्या दुसऱ्या कुणाच्या जागी तेवढ्या एकाच दिवसापुरत्या आल्या होत्या. यावर मी काही म्हणत नाही. बाबांची केमो चालू आहे, पुढचं देवीला माहीत. जे मला कळत नव्हतं, तिथे मी मस्करी कोंबत होतो. आता ते देवीकडे ठेवतो आणि गप्प बसतो. जमतं कधी कधी.

काल केमोहून परतताना रिक्षा चहाला थांबवली. आई बाबांच्या खांद्यावर डोकं टेकून गाढ झोपलेली. बाबांनी मला डोळ्यानेच खुणावलं, उठवू नको. तिचा चहा हातात धरून मी तसाच उभा राहिलो.