बाकावरचा खेळ

दवाखान्यात लस द्यायला बाळ घेऊन आलेल्या एका आईच्या हातात मी टॅब दिला. बाळाच्या आजारपणाबद्दल आईबापांना शिकवणारा खेळ मी बनवलाय, तो लोक कसा खेळतात ते बघत होते. पडद्यावर प्रश्न आला, बाळाला जुलाब होत असतील तर अंगावरचं दूध द्यावं की बंद करावं? तिने मांडीवरचं बाळ सावरत ‘बंद करावं’वर बोट ठेवलं.

टॅबमधून चुकीच्या उत्तराचा भोंगा वाजला. अख्ख्या बाकाने माना वळवल्या. बरोबर उत्तर का बरोबर, ते खाली लिहिलेलं होतं, पण तिने आधी शेजारी बसलेल्या सासूबाईंकडे पाहिलं.

“मी चार पोरं वाढवलीत,” सासूबाई मला म्हणाल्या. “जुलाबात दूध बंदच करायचं असतं.”

तो भोंगा मी हौसेने निवडला होता. खेळताना आई एकटी असेल, असं मी धरून चालले होते. पण आई एकटी असते कधी? तिने बाळाला भरवलेल्या प्रत्येक चमच्यावर कुणाचा तरी डोळा असतो. त्यात मी आणखी एकाची भर घातली होती, आणि तोही ओरडणारा.

तिने खालचा मजकूर वाचला. प्रश्न पुन्हा आला. मान वर न करता तिने आधी टॅबचा आवाज पूर्ण बंद केला, मग ‘द्यावं’वर बोट टेकवलं. पडद्यावरचं बाळ हसलं. टाळ्याही वाजल्या असतील. बाकावर कुणालाच त्या ऐकू आल्या नाहीत.