लीलावतीवहिनींचा अभिप्राय

लीलावतीवहिनी कादंबरी वाचत नसत, कादंबरीशी भांडत. नायिका उगाच रडली की त्यांच्या स्वयंपाकघरातून "मर मेले!" असं ऐकू येई, आणि भिंतीपलीकडे मला कळे की पुस्तक रंगात आलंय.

छप्पन साली राज्यांची नवी वाटणी झाली आणि राजधानी नागपूरहून भोपाळला आली. फायलींबरोबर कारकूनही हलले, त्यांत वहिनींचे यजमान नीळकंठराव होते. पुढे त्यांना तिथल्या वीजयंत्रांच्या कारखान्याच्या हिशेबखात्यात नोकरी लागली आणि बिऱ्हाड कारखान्याच्या वसाहतीत, पिपलानीच्या क्वार्टरमध्ये, आमच्या शेजारी आलं. धाकटी नणंद सुमित्रा बरोबर होती. ती कॉलनीतल्या शाळेत शिकवायची.

पिपलानीत तेव्हा मराठी पुस्तकांची मारामार. आमचं मंडळ नागपूरहून थोडी मागवी आणि एकेक पुस्तक ओळीनं घरोघर फिरे. ज्या घरी ते पहिलं जाईल तिथल्या बाईनं बायकांच्या बैठकीत अभिप्राय सांगायचा, मगच ते पुढच्या घरी जायचं. त्या खेपेला पहिला नंबर वहिनींचा होता आणि पुस्तक होतं 'तळ्याकाठची सुट्टी'.

दुसऱ्याच दुपारी वहिनी ते घेऊन माझ्याकडे आल्या. चेहरा लालबुंद. "बघितलंस कुणी लिहिलंय? विश्वासनं! त्याच मेल्यानं!"

विश्वास म्हणजे नीळकंठरावांच्या मित्राचा धाकटा भाऊ. तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत तो पुण्याहून आला, महिनाभर यांच्याकडे राहिला, सुमित्राबरोबर तलावाकाठी हिंडला आणि "मार्गशीर्षात आईवडिलांना पाठवतो" म्हणून गेला. मार्गशीर्ष आला नि गेला. सुमित्राची पत्रं परत आली, त्यानं बिऱ्हाड बदललं म्हणून; भावानंही नवा पत्ता कळवला नाही. त्याच्यापायी तिनं चांगली स्थळं नाकारली. आता कुठे कॉलनीतल्याच मनोरमाकाकूंच्या मुलाशी, गोपीनाथशी, बोलणी चालली होती, आणि काकूंच्या होकाराकडे वहिनी डोळे लावून बसल्या होत्या.

पुस्तकात सगळं होतं. तलाव, नावेतली संध्याकाळ, बडीशेप घातलेले पोहे. फक्त शेवट निराळा. नायिका म्हणते, "तुमच्या भविष्याच्या आड मी येणार नाही, जा तुम्ही," आणि तो बिचारा डोळे पुसत गाडीत बसतो.

"म्हणजे हिनं घालवलं त्याला! महिनाभर माझ्या हातचं गिळलं आणि वर हाच रडतोय!"

चोराच्या उलट्या बोंबा. माझंही डोकं फिरलं. पण हे काकूंच्या कानी जाऊन बोलणी मोडली तर पोरीचं काय, म्हणून मी म्हटलं, "वहिनी, 'बरं आहे' म्हणा आणि खाली बसा. बडीशेपेचे पोहे इथे घरोघरी होतात. कुणाला काही ओळखू येणार नाही."

"बसेन गप्प," वहिनी म्हणाल्या. त्यांच्याच्यानं ते होणार नव्हतं हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

बैठक वहिनींकडेच होती. मनोरमाकाकू अगदी समोर, कारण पुस्तकाचा पुढचा नंबर त्यांचा. सुमित्रा चहा देत होती. वहिनी उठल्या. "भाषा बरी आहे. तलावाचं वर्णन बरं आहे. शेवटी मुलगी त्याला 'जा' म्हणते आणि तो जातो." मला हायसं वाटलं. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "स्वतःच 'जा' म्हणाली? काय मोठ्या मनाची मुलगी, नाही?"

झालं.

"कसलं मोठं मन! साफ खोटं आहे ते! आमच्या सुमीनं त्याला 'जा' म्हटलं नव्हतं. पळाला तो! शेपूट घालून पळाला!"

वहिनींनी तोंडावर हात ठेवला, पण बोलून चुकल्या होत्या. सुमित्रानं ट्रे खाली ठेवला आणि सरळ काकूंकडे पाहिलं. "हो, ती मीच. शेवट तेवढा खोटा आहे."

काकू उठल्या. नेमाप्रमाणे पुस्तक उचललं, काखेत मारलं आणि चालत्या झाल्या.

संध्याकाळी भिंतीतून सुमित्राचा आवाज आला. इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "माझ्या वतीनं चिडायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं, वहिनी? जे मी तीन वर्षं गिळलं, ते तुम्ही एका मिनटात चहाबरोबर वाटलंत!" पुढचे दिवस त्या घरात फक्त भांडी वाजत होती. मी गेले तर वहिनी म्हणाल्या, "माझ्या जिभेला हाड नाही गं. पोरीचं वाटोळं केलं मी." आणि ढसाढसा रडल्या.

आठवडा सरता सरता मनोरमाकाकू आल्या. मी विरजण मागायला गेले होते, ती तिथेच उभी राहिले. काकूंनी पुस्तक पाटावर आपटलं.

"वाचलं. ही पुस्तकातली मुलगी मला सून म्हणून नको. सगळं गिळून 'जा' म्हणणारी बाई घरात आणून करायचं काय? पण चार बायकांत 'ती मीच' म्हणणारी चालेल. गोपीनाथलाही सांगून झालंय." मग सुमित्राकडे वळल्या. "पण काय गं, त्याला चार शब्द सुनावले नाहीस?"

"पत्ता नव्हता, काकू."

"हा काय!" काकूंनी पहिलं पान उलटलं. खाली प्रकाशकाचा पत्ता छापलेला होता. "इथे धाड, पोचतं करतील. पण थांब. मार्गशीर्षात लग्न उरकू, मग नव्या नावानं सही करून पाठव. चांगलं झोंबेल."

"नाही काकू," सुमित्रा म्हणाली. "पत्र आजच जाईल, आणि याच नावानं जाईल. त्यानं फसवलं ते या नावाला."

वहिनींना राहवलं नाही. पदर खोचून पुढे सरसावल्या. "लिही, मी सांगते! पहिली ओळ..."

"वहिनी, तुम्ही फक्त शाई आणा."

आणि पिपलानीत कुणाचं न ऐकणाऱ्या लीलावतीवहिनी मुकाट्यानं उठून शाई आणायला गेल्या.