महादेवीबाईंची पापणी

"मॅडम, हेड इंज्युरी आहे. ऑपरेशनला घेतोय, रिपोर्ट लवकर द्या," सर्जन फोनवर म्हणाले.

मी सीटी वाचणारी डॉक्टर, रेडिओलॉजिस्ट. स्कॅन माझ्यासमोर होता. पेशंट वळसंगच्या महादेवीबाई, वय साठच्या पुढे. चिठ्ठीवर 'पडून मार' असं लिहिलेलं. मेंदूच्या जाड आवरणाखाली रक्ताचा थर साचला होता. याला आम्ही सबड्युरल म्हणतो. तो बहुतेक वेळा मारानेच होतो. पण इथे कवटीला तडा नव्हता, डोक्यावर साधं टेंगूळही नव्हतं. मला ते पटेना.

मी बाहेर गेले. त्यांचे मालक सिद्धाप्पामामा बाकावर बसले होते.

"मामा, मावशी पडल्या कशा?"

"पडली न्हाय ओ बाई. आदी डोकं धरून वरडली, मग आडवी झाली. म्या तितंच शेळीची धार काढत व्हतो की."

"हे कुणाला सांगितलं नाही?"

"कुनी इचारलंच न्हाय."

"त्याआधी काही त्रास?"

"चार दिस एक पापनी खाली आल्ती. म्या म्हनलं, या वयात डोळा मारतीस व्हय गं?" मामा हसले. मग टॉवेलात तोंड लपवून रडायला लागले.

मी तशीच आत पळाले आणि सर्जनना फोन लावला. मेंदूतल्या रक्तवाहिनीला कधी कधी फुगा येतो. त्याला अ‍ॅन्युरिझम म्हणतात. तो फुटला की रक्त सहसा मेंदूच्या खाचांमध्ये पसरतं. क्वचित ते सरळ सबड्युरलमध्ये उतरतं आणि अपघातासारखंच दिसतं. पापणी पडली होती, म्हणजे फुगा पापणी उचलणाऱ्या नसेवर दाब देत असणार.

"सर, दहा मिनिटं द्या. अँजिओ करते." म्हणजे शिरेतून औषध सोडून रक्तवाहिन्यांचा स्कॅन.

"अहो, थिएटर तयार आहे!"

"पेशंट अजून बोलतेय, सर. त्या पडल्या नव्हत्या, आधी डोकं दुखलं. फुगा असला आणि आपण माहीत नसताना डोकं उघडलं, तर तो टेबलावरच पुन्हा फुटेल."

सर फोनवरच थिएटरमध्ये कुणाला तरी 'थांबा' म्हणाले.

"दहाच हं."

फुगा मिळाला. मटाराएवढा, पडलेल्या पापणीच्याच बाजूला. सरांनी आधी फुग्याच्या मुळाशी क्लिप लावली, मग रक्त काढलं. दोन आठवड्यांनी महादेवीबाई मामांचा हात धरून, ते हळू चालतात म्हणून त्यांनाच रागावत घरी गेल्या.

त्यानंतर आमच्या सीटीच्या फॉर्मवर मी एक ओळ वाढवली : 'आधी काय झालं? पाहणाऱ्याला विचारून लिहा.' निम्मे डॉक्टर ती रिकामीच सोडतात. मग मी बाहेर जाऊन विचारते.